सेवेतून विश्रांती

माझ्या सासूबाईंना त्यांच्या सत्संग मंडळाने काढून टाकलं ते शाल-नारळ देऊन. त्यामुळे कुणाला सांगायला गेलं की समोरचा म्हणतो, सत्कारच केला की, मग राग कसला आला? राग नव्हता आला. किळस आली होती. ती अजून गेलेली नाही.

सत्तरच्या दशकात आम्ही भिवंडीत, टेमघरच्या बाजूला, चाळीतल्या दोन खोल्यांत राहायचो. आमचे हे लूमच्या कारखान्यात जॉबर होते, यंत्र बिघडलं की दुरुस्त करायचे. मी घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायचे. सासूबाई काल्हेरच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि त्या सत्संगाला जाऊ लागल्या. तेव्हा सत्संग म्हणजे पत्र्याची शेड आणि गुरुवारी जमणारी चाळीस-पन्नास माणसं. महाराज लांब राहायचे, वर्षातून एकदा यायचे. त्यांनी सासूबाईंना नाम दिलं, गळ्यात तुळशीची माळ घातली, आणि त्या दिवसापासून गुरुवारच्या पंगतीचा स्वयंपाक सासूबाईंकडे आला. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याला बरीच वर्षं झाली होती. घरात भाजीला मीठ जास्त पडलं की दिवसभर बोलणारी ही बाई, गुरुवारी मात्र चुलीच्या धुरात गाणं म्हणत असायची.

मग मंडळात लूमवाले शेठ आले. त्यांत ह्यांचे शेठही होते. शेड गेली, भवन उभं राहिलं. मुंबईहून एक व्यवस्थापक आले, मोठ्या नोकरीतून निवृत्त झालेले, फार गोड बोलणारे. बाईमाणसाला ‘माऊली’ म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू व्हायचं नाही. भवनाचे दगड आणि माती डोंगरपाड्यावरच्या आदिवासी बायकांनी वाहिली. पुण्य मिळेल असं सांगून त्यांच्याकडून ते काम फुकट करून घेतलं होतं.

भवन सुरू झालं त्या दिवशी व्यवस्थापकांनी शिरा दोन प्रकारचा करायला सांगितला. आतल्या खोलीत बसणाऱ्या देणगीदारांसाठी साजूक तुपातला, बाहेर पत्रावळीवर बसणाऱ्यांसाठी डालड्यातला. सासूबाई वाद घालत बसल्या नाहीत. दोन्ही शिरे करून झाल्यावर त्यांनी एक पातेलं दुसऱ्यात उपडं केलं आणि ढवळून एकजीव केलं. पहिली पंगत पाड्यावरच्या बायांची बसवली, कारण त्यांना उजेडात घरी पोचायचं होतं. आतले शेठ तोवर ताटांपुढे थांबले होते.

त्या दिवशी कुणी ब्र काढला नाही. पुढच्या गुरुवारी व्यवस्थापकांनी सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की सेवेत अहंकार शिरला आहे. तो विरघळेपर्यंत चुलीपाशी जायचं नाही, चपला सांभाळायच्या.

त्यांनी सांभाळल्या. श्रावणापासून दिवाळीपर्यंत दर गुरुवारी त्या भवनाच्या पायरीशी उभ्या असायच्या. एकदा मीही सोबत होते. ह्यांच्या शेठची बायको आली, तिने सँडल काढल्या आणि पायानेच त्यांच्याकडे सरकवल्या. सासूबाईंनी वाकून त्या उचलल्या, पदराने धूळ पुसली आणि ओळीत लावून ठेवल्या.

वाटेत मी चिडून बोलू लागले तर मलाच म्हणाल्या, “चपला बी देवाच्याच दारात हायेत, बाय.”

घरी ह्यांना सांगितलं. हे जेवता जेवता म्हणाले, “आई, तू जाऊन पाया पड आणि मिटवून टाक. शेठ तिथंच बसतात.”

“पडले की,” त्या म्हणाल्या. “आनखी कोणाच्या पडू?”

दिवाळीनंतर मंडळाची माणसं घरी आली. व्यवस्थापक, कमिटीतल्या दोन बाया आणि आमच्या चाळीतली एक शेजारीण. ही शेजारीण सासूबाईंच्याच हाताखाली पंगतीचा स्वयंपाक शिकली होती. मी चहा केला. व्यवस्थापकांनी सासूबाईंच्या खांद्यावर शाल टाकली, ओंजळीत नारळ ठेवला आणि म्हणाले की आता वय झालं, मंडळाने माऊलींना सेवेतून विश्रांती दिली आहे.

सासूबाई म्हणाल्या की मी दमले असं कुणाला बोलले नाही. माझं काय चुकलं ते सांगा. ते हसले. चुकलं काहीच नाही, वरून आज्ञा आहे, एवढंच म्हणाले. मग त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. ती मान खाली घालून पुढे आली आणि सासूबाईंच्या गळ्यातल्या माळेला हात लावणार तोच ते समजुतीच्या सुरात म्हणाले की माळ सेवेकऱ्याची असते, तेव्हा ती मंडळाकडे जमा करायची असते.

सासूबाईंनी तिला हात लावू दिला नाही. स्वतःच माळ काढली. ती अंबाड्यात अडकली, तेव्हा शांतपणे केस सोडवले आणि माळ व्यवस्थापकांच्या हातात दिली.

“आणि माऊली, नामही आता घेऊ नका,” ते म्हणाले. “आज्ञेशिवाय घेतलेलं नाम फळत नाही.”

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. “माळ दिली,” त्या म्हणाल्या. “नाम कसं काढून देऊ? ते जिभेवर बसलंय. न्यायचंच आसंल तर जीभ न्यावी लागंल.”

व्यवस्थापकांनी उरलेला चहा संपवला. जाताना मला म्हणाले, चहा छान झाला होता. त्यांची बशी मी नुसती विसळली नाही. राखेने घासली.

दुसऱ्या दिवसापासून चाळीतल्या सत्संगी बायांनी बोलणं सोडलं. काढलेल्या माणसाशी संबंध ठेवला तर आपली साधना खाली येते, असं त्यांना सांगितलं होतं. ज्यांच्या लेकींच्या बाळंतपणात सासूबाईंनी रात्री जागवल्या होत्या, त्या नळावर सासूबाईंना बघून हंडा तसाच घेऊन परत फिरायच्या. शेजारणीकडे सासूबाईंनी सवयीने वाटीभर वालाची भाजी पाठवली. संध्याकाळी ती वाटी भाजीसकट आमच्या उंबऱ्यावर ठेवलेली होती. झाकणसुद्धा हललेलं नव्हतं.

सासूबाईंना मात्र या सगळ्यापेक्षा एकच गोष्ट खात होती. महाराज आपल्यावर कोपले, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

पुढच्या वर्षी महाराज आले तेव्हा मंडळाचा एक सेवेकरी निरोप घेऊन आला. महाराजांना सासूबाईंच्या हातच्या शिऱ्याची आठवण झाली होती. मागच्या दाराने यावं, शिरा करून द्यावा, पुढे मात्र येऊ नये. त्याला खोदून विचारलं तेव्हा कळलं की सासूबाईंना काढल्याचं महाराजांना ठाऊकच नव्हतं. बाईंनी स्वखुशीने विश्रांती घेतली, असं त्यांना सांगितलं होतं.

सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं आणि मला घेऊन निघाल्या. शिरा करायला नाही, दर्शनाच्या रांगेत उभं राहायला. ओळखीच्यांनी तोंडं फिरवली, पण इतक्या माणसांसमोर अडवलं कुणी नाही. महाराजांनी त्यांना लगेच ओळखलं.

“शिरा केलास का?” त्यांनी विचारलं.

“मला काढलं, महाराज,” त्या म्हणाल्या. “माळ बी नेली. तुमची आज्ञा हाय म्हणाले.”

महाराजांनी बाजूला उभ्या असलेल्या व्यवस्थापकांकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, “मंडळाचं मंडळ बघतं, बाई.” आणि नमस्कारासाठी पाय पुढे केले.

त्यांचे पाय गोरे, मऊ, चंदन लावलेले होते. सासूबाई वाकल्या, त्यावर डोकं टेकलं आणि उठल्या. मी वाकले नाही. मागची बाई मला ढकलत होती, तरी मी तशीच पुढे निघून गेले.

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या उठल्या, आणि महाराज कोपले ही भीती त्यांच्या बोलण्यातून पुन्हा कधी आली नाही. पुढे पाड्यावरची एक बाई लाकडाची मोळी विकायला आली होती, तिने लेकीच्या लग्नाला बोलावलं. तिथला स्वयंपाक सासूबाईंनी केला. मग काल्हेर-मानकोलीकडची लग्नंही त्यांच्याकडे येऊ लागली. हे शेठच्या कारखान्यातच राहिले. आमच्या दोघांत या विषयावर बोलणं बंद झालं ते कायमचं.

गुरुवारी भवनाच्या कर्ण्यावरून भजन ऐकू यायचं. सासूबाई दाराशी बसून त्यात सूर मिसळायच्या. मला ते सहन व्हायचं नाही. मी दार लोटून घ्यायला उठायचे.

“ऱ्हाऊ दे उघडं,” त्या म्हणायच्या. “भजनानं काय केलंय आपल्याला?”

त्यांना असं वेगळं काढता यायचं. मला आलं नाही. आजही कुणी प्रेमाने महाप्रसादाला बोलावलं की मी उपास आहे म्हणून सांगते.