पाठीवरचा बाप

आई गेल्यावर आठव्या दिवशी मी पप्पांना वसईहून दुबईला घेऊन आलो. विचारलं नाही, सरळ तिकीट काढलं. तेव्हापासून माझंच कशात लक्ष लागेना. जेएलटी या टॉवरांच्या भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते गप्प बसून असायचे आणि मी ऑफिसातून चार-चार वेळा फोन करून "जेवलात का?" विचारायचो. "हो रे," एवढंच उत्तर.

त्याच सुमारास माझ्याकडे एका प्रदर्शनाचं काम आलं. अठराव्या शतकातली युरोपातली छापील व्यंगचित्रं. तिकडे शाळांतून प्राचीन महाकाव्यं घोकून घेत, आणि सगळं बुद्धीच्या कसोटीवर घासून बघायच्या त्या काळात चित्रकार त्याच काव्यांतल्या वीरांची टर उडवत. प्रत्येक चित्राखालचा मजकूर मी लिहायचा होता. एका चित्राशी अडलो. जळत्या शहरातून एक वीर म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन पळतोय. काव्यात हा केवढा गंभीर प्रसंग! इथे वीराचं पोट सुटलेलं, विजार घसरलेली. बापाच्या डोक्यावर झोपायची टोपी, काखेत देवांच्या मूर्तींची टोपली. तीन मसुदे लिहिले, तिन्ही खोडले. आमची लेबनीज मॅनेजर दारातून ओरडली, "यल्ला हबीबी, आवर लवकर, प्रिंटर खोळंबलाय!"

लॅपटॉप घरी नेला. माझी मुलगी चित्र बघून खिदळली. "डॅडा, दॅट्स यू अँड ग्रँडपा!"

मी तिला दटावलं, तोवर पप्पा उठून आले. ते निवृत्त ड्रॉइंग मास्तर. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. दुखावले की काय, या विचाराने मी उगाच पाणी आणायला उठलो.

"म्हाताऱ्याला विचारलं होतं का रे, यायचंय का म्हणून?"

"काव्यात तो आधी नाहीच म्हणतो," मी कसनुसं हसत म्हटलं.

"आणि ही कोण?" त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. धुराच्या रेघांत एक बाई होती. इतके दिवस मला ती दिसलीच नव्हती.

"त्याची बायको. पळापळीत मागे राहते. तो शोधायला परत जातो, पण तोवर ती गेलेली असते."

"निदान परत तरी गेला," पप्पा म्हणाले. "मला तुझ्या आईच्या महिन्याच्या मिस्सेला तिथे असायचंय, चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना होईल तेव्हा. कबरीवरची मातीही अजून बसली नसेल."

"आधी का नाही बोललात?"

"तू थांबलास कुठे ऐकायला?"

मजकुरात मी त्या बाईबद्दल एक ओळ घातली. मॅनेजरने ती ठेवली. चौथ्या दिवशी पप्पांना विमानतळावर सोडलं. सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाले. मिस्सा होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. चर्चमध्ये गर्दी होती, जेवण शेजाऱ्यांनी दिलं, आवाज थकलेला पण मोकळा होता.

"डिसेंबरात येईन मी," ते म्हणाले. "दिवस मात्र मी ठरवणार."