शिकताना व्याज लागत नाही

पोरगं शिकत असतं तेव्हाही शैक्षणिक कर्जावर व्याज चढत असतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी एका बापाला, त्याच्याच हॉटेलात बसून त्याचाच चहा पीत, “शिकताना व्याज लागत नाही” असं सांगितलं. हे मी आजवर कुणालाही बोललेलो नाही. बायकोलाही नाही.

तेव्हा मी इथल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवायचो. म्हणजे वर्षातले नऊ-दहा महिने शिकवायचो. बारावीचा निकाल लागला की आम्हा मास्तरांना गावोगाव पिटाळलं जायचं. प्रत्येकानं पाच ॲडमिशन आणायच्या, नाहीतर अडलेला पगार अडलेलाच राहणार. त्या वर्षी माझा तीन महिन्यांचा अडला होता. एम.ई. होऊन मोटारसायकलला माहितीपत्रकांची पिशवी अडकवून उन्हात हिंडायचं, आणि कोपरापासून नमस्कार करत फिरायचं. वैताग नुसता! सोबतीला सिव्हिलचा एक सहकारी असायचा. त्याला कशाचंच काही वाटत नसे. “तुझं मेकॅनिकल तरी खपतंय राव,” तो म्हणायचा, “आमचं सिव्हिल कुणी फुकट नाय घेत.”

चार ॲडमिशन झाल्या होत्या. पाचव्यासाठी आम्ही फर्दापूरला गेलो. लेणी बघायला येणाऱ्यांवर चालणारं रस्त्याकडेचं हॉटेल होतं, चहा आणि भज्यांचं. मालकाचा मुलगा बारावी झाला होता, पण त्याचा आयटीआयला टर्नरसाठी, म्हणजे लेथ मशीनच्या कामासाठी, नंबर लागलेला. फी भरायची तेवढी बाकी होती.

मालक भजी तळत होता. मी माझं सगळं भाषण केलं. त्यानं झारा निथळत ठेवला आणि म्हणाला, “सर, ही कढई बघा. तीन हजाराची. सहा महिन्यांत तिनं तिचे पैसे फेडले. तुमची डिग्री किती दिवसांत फेडंल?”

इतका नीट प्रश्न आमच्या संस्थेच्या कुठल्याही मीटिंगमध्ये कुणी विचारला नव्हता. मला त्याचा रागच आला. माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी मांडायला घेतलं. कर्ज साडेतीन लाख. नोकरी लागल्यावर पगार पंचवीस हजार. हप्ता आठ हजार. पाच वर्षांत मोकळे.

“पंचवीस मिळतात व्हय खरंच?”

“अहो, सरांकडंच बघा की,” सहकारी भजं फुंकत म्हणाला. “मेकॅनिकलच झालेत ते.”

“मग सरांना किती?”

“अठ्ठावीस,” मी म्हणालो.

सही मी अठ्ठावीस हजारांवरच करायचो. त्यातले चौदा रोख स्वरूपात ऑफिसात परत द्यायचे, असा रिवाज होता. माझ्या गल्लीत वाळूजच्या कंपनीतला एक टर्नर राहायचा, ओव्हरटाइम धरून त्याच्या हातात माझ्याहून जास्त पडायचे. हे सगळं डोक्यात असताना मी “अठ्ठावीस” म्हणालो, आणि तो बाप माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच ती डिग्री.

मुलगा मागं ग्लास विसळत होता. तो हळूच म्हणाला, “मला मशीनवरचं कामच आवडतं, सर.”

“मशीन चालवायची, का मशीन चालवणाऱ्यांचा साहेब व्हायचं?” मी म्हणालो. बाप खूश होऊन हसला. मुलगा नाही हसला.

“आन् व्याज?” बापानं विचारलं.

खरं उत्तर लांब होतं. कमी उत्पन्नवाल्यांचं शिकतानाचं व्याज सरकार भरतं, पण त्यासाठी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढून बँकेत वेळेवर द्यावा लागतो. नाही दिला तर व्याज तुमच्या डोक्यावर. हे सांगितलं असतं तर हा माणूस सोयगावला चकरा मारत बसला असता, आणि दाखला येईपर्यंत कंटाळून आयटीआयची फी भरून मोकळा झाला असता. ऊन मी म्हणत होतं, मला घरी जायचं होतं.

“शिकताना व्याज लागत नाही,” मी म्हणालो.

ती माझी पाचवी ॲडमिशन. पगार निघाला. तीनपैकी एका महिन्याचा.

मुलगा फर्स्ट क्लासमध्ये पास झाला. कॅम्पसला दोन कंपन्या आल्या, एकीला विक्रीला माणसं हवी होती, दुसरीनं निवड करून पुन्हा कधी बोलावलं नाही. वर्षभर हिंडून त्याला चिकलठाण्यात ठेकेदाराकडे काम मिळालं, महिना नऊ हजारांवर. काम काय, तर दुसऱ्यांनी मशीनवर केलेले तुकडे मापून बघायचे. बँकेचा हप्ता आला साडेदहा हजारांचा. बाप भज्यांतून भर घालायचा.

तो डिग्रीचं सर्टिफिकेट न्यायला कॉलेजात आला तेव्हा माझ्या केबिनमध्ये नव्या ॲडमिशनचे आई-बाप बसले होते. तो दारातूनच म्हणाला, “सर, बँकवाले म्हणतात सव्वा लाख व्याज शिकतानाच चढलं. तुम्ही तर नाय म्हणला होतात.”

समोरचे दोघं माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

“फसवतात रे तुला,” मी म्हणालो. “लेखी माग त्यांच्याकडून. सोडू नको.”

त्यानं खरंच सोडलं नाही. मॅनेजरशी भांडला, अर्ज केले, आणि लबाडीचे पैसे मी देणार नाही म्हणून हप्तेच बंद केले. माझ्या शब्दावर! मी त्याला वर्गात कधी उलटा प्रश्न विचारायला शिकवलं असतं तर बरं झालं असतं. नाव थकबाकीदारांत गेलं. पुढं एक जुनी लेथ घेऊन स्वतःचं जॉबवर्क करायचं त्याच्या मनात आलं, तेव्हा त्याला कुठल्याच बँकेनं दारात उभं केलं नाही. त्याची आणि त्या बँकेची लढाई आजही चालू आहे.

कॉलेज सोडून मला चार वर्षं झाली. यंदा बाप पत्ता शोधत घरी आला, सोबत धाकटी मुलगी. “हिचा मेकॅनिकलला नंबर लागतोय,” तो म्हणाला. “पोराचं नशीब लई खराब, आन् बँक हरामखोर. पण तुमची मांडणी बरोबर होती, सर. तशीच हिची मांडून द्या.”

या माणसाला राग का येत नाही? आला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मुलगी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून बसली होती. “पगार हातात पडणारा धरायचा ना, सर?”

तिथं माझा धीर सुटला. सांगितलं मी. अठ्ठावीसवर सही, हातात चौदा, तेही अडलेले. पंचवीस हजार हा आकडा कुठून आणला, तर कुठूनच नाही.

बापानं चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, “तवाच बोलला असता, तर मी काय तुमच्याकडून चहाचे पैसे घेतले असते?”

मुलीसाठी मी खरी मांडणी करून दिली. हातात पंधराच्या वर धरू नको, नोकरीविना एक वर्ष धर, आणि कर्ज घेणारच असशील तर उत्पन्नाचा दाखला पहिल्या दिवशी बँकेत देऊन पोच घे, म्हणजे शिकतानाचं व्याज तुझ्यावर येणार नाही.

ती थबकली. “दादाच्या वेळी दिला होता का, बाबा?”

“कुणी सांगितलंच नाय,” बाप म्हणाला.

मी गप्प बसलो. आधीचं सगळं कबूल केलेला माणूस, एवढ्याशा वाक्याला गप्प बसला. ते दोघं आभार मानून गेले. आभार!

बँक खरी होती. व्याजाबद्दल खोटं मी बोललो, दोनदा. दाखल्याची गोष्ट मी लपवली, ते सव्वा लाख माझ्यामुळे चढले, आणि हप्ते बंद पडल्यावर लागलेला दंडही माझाच. हे त्या मुलाला सांगणं आणि ते पैसे भरणं, दोन्ही मी देणं लागतो. अजून एकही दिलेलं नाही.