दिवसाला चौदा चहा

मला फिट येतात, हे कंपनीत कुणाला माहीत नव्हतं. पहिली फिट दहावीत असताना आली, गोळ्या सुरू झाल्या, आणि चाकणला प्रेस मशीनवर ऑपरेटर म्हणून लागलो तोवर सहा वर्षं एकही आली नव्हती. मग सांगायचं कशाला? पत्रा ठेवायचा, दोन्ही बटणं दाबायची, ठोका पडला की तयार भाग उचलायचा. बायकोला मात्र लग्नाआधीच सांगितलं होतं. मी कुरुळीच्या खोलीवर पोचलो की ती दारातच म्हणायची, "आधी हात दाखवा." ऑइलचे हात मी टॉवेलला पुसतो, म्हणून हा पहारा, असं मी धरून चाललो होतो.

आमच्या लाइनवर चहा हा धर्म होता. मशीनमधला साचा, म्हणजे डाय बदलली, चहा. माल रिजेक्ट झाला, चहा. नाही झाला, तर त्या आनंदात चहा. नको म्हणणाऱ्याला "मोठा साहेब झाला राव" ऐकावं लागायचं. मी कधीच मोठा साहेब झालो नाही. दिवसाला चौदा चहा व्हायचे. ओव्हरटाइम असला की वर एनर्जी ड्रिंकचे एक-दोन डबे. मग घरी आडवं पडून पंखा बघत राहायचं. आमच्या पंख्याला तीनच पाती आहेत, हे मी शपथेवर सांगू शकतो.

त्या आठवड्यात सलग डबल शिफ्ट लागल्या. शेवटच्या दिवशी सकाळी सातला गेटबाहेरच्या टपरीवर ग्लास हातात घेतला, एवढं आठवतं. पुढचं लोकांनी सांगितलेलं. मी खाली कोसळलो, हातपाय झाडू लागलो आणि अख्खी लाइन एका क्षणात वैद्य झाली. हातात लोखंड द्यायचं असतं म्हणून एकाने अठराचा पाना कोंबला. दुसऱ्याने पायातला सेफ्टी शूज काढून माझ्या नाकाला लावला. डबल शिफ्टभर पायात असलेला सेफ्टी शूज! शुद्धीवर यायचा विचार असलाच, तर तो मी तिथेच सोडला असणार. कुशीवर वळवावं, डोक्याखाली काही मऊ ठेवावं, हे एकालाही सुचलं नाही. डोळे उघडले तेव्हा टपरीवाली मावशी समोर उभी होती, हातात चहा घेऊन.

"घे रं बाळा, डबल पत्ती टाकलीया. तरतरी यील."

मी तोही प्यायलो.

पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चहा-कॉफी किती घेता?"

"दोन-तीन," मी म्हणालो.

"चौदा," बायको म्हणाली. "डबे वेगळे."

असा राग आला मला तिचा! डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, थोड्या चहाने बहुतेकांना काही होत नाही, आणि तुमची फिट चहानेच आली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण एवढं कॅफिन काही जणांना फिटच्या जवळ नेऊ शकतं. शिवाय ते झोप उडवतं, आणि झोप मोडली की तुमच्यासारख्याला फिट यायला निमित्तच मिळतं. एकदम बंद केलात तर डोकं धरेल, हळूहळू कमी करा, गोळी चुकवू नका. मग विचारलं, "काम काय करता?"

प्रेस मशीन म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "टपरीवर पडलात ते बरं झालं."

तेव्हा मी घाबरलो. पडायच्या दहा मिनिटं आधी मी मशीनवरच होतो.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला सगळं सांगितलं. त्याने सवयीने आधी चहा मागवला. ऑपरेटरकी गेली. मला तपासणीच्या टेबलावर बसवलं, तयार भागांचे ओरखडे बघायला. टपरीवर मावशी आता अर्धाच ग्लास देते. दुसरा मागितला की म्हणते, "न्हाई मिळायचा. रुसायचं तर रूस."

टेबलावरचा पहिला दिवस संपवून घरी पोचलो. खरं सांगतो, मान खाली गेली होती. सवयीने दारातच दोन्ही हात पुढे केले. "बघ, स्वच्छ आहेत. आता ऑइलची कटकट नाही."

तिने हात बघितले, नेहमीसारखी एकेक बोट चाचपत. मग ते आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवले.

"ऑइल कोण बघत होतं?" ती म्हणाली.