न कुजणारी सायकल

माझ्या बायकोचे मामा जगात एकाच गोष्टीवर आंधळा विश्वास ठेवतात, ती म्हणजे संशय. दुधाच्या पिशवीवर छापलेलं हिरवं पानही त्यांना संशयास्पद वाटतं. नव्या वस्तूचं आधी कौतुक करावं, हा शिष्टाचार त्यांना ठाऊक नाही. आमच्या नव्या सोफ्यावर बसून, गादी दाबून ते म्हणाले, "मेल्यावर हा जाणार कुठे?" प्रश्न सोफ्याबद्दल आहे, माझ्याबद्दल नव्हे, हे कळायला मला जरा वेळ लागला. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्यात त्यांचं बालपण गेलं. मुलुंडला येऊन वर्षं लोटली, पण तो वारा त्यांच्या नाकातून गेलेला नाही.

अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीने कार्बन फायबरची सायकल आणली. एका हाताने सहज उचलावी इतकी हलकी. "बाबा, धूर नाही, काही नाही. पर्यावरणाला एकदम बेस्ट!" मामांनी दांडीवर टिचकी मारली. "आणि ही बनवताना भट्ट्या पेटल्या, तो धूर काय अत्तराचा होता? लोखंड निदान गंजतं तरी गं. ही तर कुजायचीही नाही." तरीही दर रविवारी ती ऐरोलीच्या पुलाकडे सायकल घेऊन गेली की परत येईपर्यंत मामा गॅलरीतून हलत नसत.

एकदा ती पडली. तिला नुसतं खरचटलं, पण दांडीला तडा गेला. पुढे नोकरीसाठी जर्मनीला जाताना म्हणाली, "टाकून दे ना बाबा ती."

"कुठे टाकू?"

भंगारवाल्याने चुंबक लावून पाहिलं आणि हात जोडले. सायकलच्या दुकानदाराने सांगितलं, "रिसायकल होतं ना, अंकल."

"कुठे?"

"बाहेर."

"सगळा कचरा बाहेरच जातो," मामा मला म्हणाले, "मग बाहेरचे लोक कुठे टाकतात?"

शेवटी जुनं कार्बन घेणारा एक कारखाना मीच शोधून काढला आणि एका सकाळी विजयी चेहऱ्याने त्यांच्या घरी पोचलो.

"काय करतात तिथे?"

"भट्टीत घालून कार्बनचे धागे चिकटवणारी राळ जाळतात. धागे उरतात, ते दुसऱ्या वस्तूंत वापरतात."

"अख्खे?"

"नाही, तुकडे होतात त्यांचे."

"म्हणजे परत सायकल नाही होत."

"नाही, मामा."

"मग मला त्या लोकांचा संशय येतो, जावईबापू. राहू दे इथेच."

सायकल गॅलरीत उभी होती. मी सहज चाक दाबून पाहिलं. हवा टणक भरलेली होती. रविवार होता, आणि मामा कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत होते.