चतुराबाईनं शाळेचं भिताड चाटलं

बोरखेडीत चतुराबाईच्या तोंडाले सारे भ्याये. पाटील भ्याये, मास्तर भ्याये, अन् तिचा नवरा पुंजाजी त पहिला भ्याये. पन एक मानूस असा होता का तिच्या शिव्या खाऊन बी पुन्हा तिच्याच दारात येऊन बसे. तो म्हनजे दर्यापूरचा आमदार, चिंतामणराव वकील. चतुराबाई त्यायले भाऊ म्हने.

ही ओळख कशी झाली ते आधी सांगतो. बोरखेडी खारपान पट्ट्यात हाये. कुठी बी खोदा, पानी खारंच. डाळ शिजत नाई, चहा फाटते. गोड्या पान्याची एकच विहीर, ते बी लांब नदीकाठी. त्या विहिरीत गावाभाईरच्या वस्तीतल्या बायायले पोहरा टाकू देत नसत. कोनी वरून ओतलं त घागर भरे, नाई त बसा उन्हात. सन पन्नासच्या सुमारास चिंतामणराव कोन्या खटल्याची जागा पाह्याले आल्ते. काळा कोट, घामानं चिप्प. बाया बसलेल्या पाहून त्यायनं इचारलं, "काहून बसल्या?" कोनीच सांगे ना. त्यातल्या चतुराबाईनं सांगतलं. मंग हा मानूस म्हनते कसा, "बाई, मले तहान लागली. तुमीच टाका पोहरा."

चतुराबाईनं टाकला. वकीलसायेब वंजळ करून तिच्या हातचं पानी प्याले, साऱ्यायच्या देखत. तथी लय कल्ला झाला, कोर्टकचेरी झाली, पन विहीर खुली झाली. त्या दिवसापासून चतुराबाईचा शब्द एकच, "हा मानूस खरा हाये. खोटा निघाला त मले इचारा."

सन बावनले ते उभे राह्यले. निशानी शिडी. तवा दर उमेदवाराची पेटी अलग राहे, निशानी पाहून कागद टाकाचा. चतुराबाईनं आधी पेटीले हात जोडले, मंग कागद टाकला. चिंतामणराव निवडून आले अन् नागपूरले गेले, काहून का तवा आपला वऱ्हाड मध्यप्रदेशात होता. मंग मुंबई राज्य झालं, ते मुंबईले जाऊ लागले. मंग महाराष्ट्र झाला. राज्यं बदलली, आमदार काई बदलला नाई.

आता आमदार म्हटला का त्याच्या मांगं चार गोष्टी लागतातच. चिंतामणरावच्या मांगं बी लागल्या, अन् त्यातल्या काई खऱ्या होत्या. सत्तावनच्या परचाराले ते चकचकीत जीपमंधी आले. चतुराबाई बायायचा जथा घेऊन पायी चाल्ली होती. जीप थांबली.

"बसा चतुराबाई."

"कोनाची हाये?"

"भगवंतरावची. अकोटचे जिनिंगवाले. परचारापुरती देल्ली."

"मंग मत बी भगवंतरावलेच देतो ना आमी!"

"अवं बाई, नुसती जीप हाये."

"आज जीप हाये भाऊ. उद्या आमच्या कापसाच्या मापात त्यानं दांडी मारली त तुमी कोनाकडून बोलान? खाली उतरा."

सोबतचे कार्यकर्ते लाल झाले. चिंतामणराव उतरले. जीप तशीच वापस पाठवली अन् पुंजाजीच्या बैलबंडीत बसून बाकीचा परचार केला. धुळीनं पार भूत झाल्ते, पन निवडून आले. भगवंतरावले मात्र ते लागलं. चार गावायच्या देखत त्याची जीप वापस आली, हे त्याच्यानं गिळवलं नाई.

दुसरी गोष्ट भाच्याची. चिंतामणरावनं आपल्या भाच्याले मास्तरकी लावून देल्ली. पोरगा शिकेल होता, पन रांगेत दुसरे बी शिकेल होते. चतुराबाईनं त्यायच्याच ओसरीवर बसून त्यायले झापलं. ते एवढंच म्हनले, "चुकलं बाई." भाचा काई नोकरीतून निघाला नाई. तो डाग राह्यलाच, अन् चतुराबाई बी तो कधी लपवे नाई. म्हने, "एक चूक केली. मले मालूम हाये, तुमाले बी मालूम हाये. दुसरी दाखवा."

दुसरी सन सासष्टले दिसली.

झालं असं का बोरखेडीले पक्की शाळा पायजे होती. सिमेंट तवा परमिटवर भेटे. चिंतामणरावनं खटपट करून ते मिळवून देल्लं, अन् मजुरी गावानं श्रमदानातून कराची असं ठरलं. सारं गाव लागलं. पाटलायच्या घरच्या बाया अन् वस्तीच्या बाया एका रांगेत घमेले देऊन राह्यल्या होत्या, असं बोरखेडीत पहिल्यांदाच झालं. पान्याच्या रांगेची मुकादम चतुराबाई. पहिले दोनचार दिवस नदीकाठून बंड्या भरून गोडं पानी आनलं. पन वेचनीचे दिवस, बैल कोनाचे रिकामे राहतात? मंग शाळेपाशीच्या खाऱ्या विहिरीचंच पानी घेतलं. मिस्त्री जरासा कचरला. सरपंच उद्धव पाटील म्हनले, "खाऱ्या पान्यानं मातीच्या भिताडाले लोना लागते, ते झडते बाप्पा. हे सिमेंट हाये, सरकारी. याले काय होते?" चतुराबाई बी म्हनली, "काई होत नाई. ओढा पानी!"

शाळा झाली. जिल्ह्याचा मोठा सायेब आला, गावाले हार घातला, अमरावतीच्या पेपरात फोटू आला. पाटलानं तो फोटू काचेत लावला.

वरीस सरलं नाई त गिलावा फुगला. पापुद्रे निघू लागले, बोट लावलं का भुगा. पोरायच्या पाट्यायवर रेती पडे. अन् याच वक्ताले चिंतामणरावनं दर्यापूरच्या घरावर माडी चढवली. निवडनूक तोंडावर आल्ती अन् या बारीले भगवंतराव सोता उभा राह्यला होता. त्याले काय, आयतंच भेटलं. गावोगाव तो एकच गोष्ट सांगे, "बोरखेडीच्या शाळेचं सिमेंट वकीलाच्या माडीत हाये!"

गोष्ट वस्तीत आली. शेजारच्या माणिकबाईनं तोंड सोडलं, "काय चतुरा, भाऊनं सिमेंट खाल्लं म्हनते. तुह्या वाट्याले किती आलं?" बाया हासल्या. चतुराबाई पदर झटकून निघाली. घरी आली त पुंजाजी म्हने, "लोकं काई बी बोलतात."

"काई बी नाई बोलून राह्यले. म्याच म्हनलं होतं, खोटा निघाला त मले इचारा. आता इचारून राह्यले."

सतरा वर्सं साऱ्या वस्तीले तिनं आपल्या जबानीवर उभं केलं होतं. लेकरायची शाळा खानारा मानूस असन त तिची जबान कुत्र्याच्या बी कामाची नाई. दुसऱ्या दिवशी ती एसटीत बसली अन् दर्यापूरले उतरली.

चिंतामणरावच्या घरी त्यायच्या बायकोनं, अनसूयाबाईनं, दार उघडलं. "या चतुराबाई, च्या टाकते."

"च्या मंग. आधी माडी दाखवा."

चतुराबाई धाडधाड जिना चढली. भिताड ठोकलं, नखानं कोरलं. चुना होता. दुसरं कोरलं, चुनाच. खिडकीपाशी, कोपऱ्यात, मोरीत, सारीकडे चुना. मांगून चिंतामणराव आले. चार दिवसाची दाढी, डोळे लाल.

"भेटलं का सिमेंट?"

"नाई भेटलं," चतुराबाई मट्टकन खाली बसली. "मंग शाळेचं कुठी गेलं?"

"कुठीच नाई गेलं. शाळेतच हाये. इंजिनेर पाहून गेला. खाऱ्या पान्यात कालवलं म्हनते."

पान्याची मुकादम चतुराबाईच होती.

"तुमाले हे कवा मालूम झालं?"

"दिवाळीत."

"अन् तुमी चूप? तो भगवंत्या तुमाले चोर म्हनते अन् तुमी चूप?"

"कसं सांगू बाई? लोकायनं घाम गाळला. त्यायच्या शाळेले त्यायचाच दोस लावू?"

चतुराबाईनं त्यायच्याकडे पाह्यलं. म्हनली, "अर्धं खरं बोलले. बाकीचं अर्धं मी सांगतो. गावाले दोस देल्ला त गावाची मतं जातीन, म्हनून चूप हाये तुमी."

चिंतामणराव खिडकीतून भाईर पाहू लागले. मंग हळूच म्हनले, "व्हय."

"बरं झालं म्हनले. नाई म्हनले असते त मी जिना उतरून गेली असती, पुन्हा आली नसती."

च्या पेऊन ती निघाली. जाता जाता अनसूयाबाईले म्हनली, "यायले दाढी कराले सांगा. मेल्यावानी दिसून राह्यले."

भगवंतरावची सभा बोरखेडीतच होती, शाळेच्याच आवारात. चारच्या सुमारास जीप आली, भोंगा लागला, सतरंजी अंथरली. सारं गाव जमलं. भगवंतराव धोतराचा सोगा सावरत उठला, भिताडाचा एक पापुद्रा काढला अन् साऱ्यायसमोर चुरला.

"हे पाहा! हे सिमेंट हाये? ही राख हाये राख! तुमच्या लेकरायच्या डोक्यावर राखेचं छप्पर, अन् वकीलाले माडी!"

टाळ्या पडल्या. तवा बायायच्या घोळक्यातून चतुराबाई उठली. पदर खोचला. "भगवंतराव, एक इचारू?"

"इचार ना बाई. तुहा त भाऊ हाये तो." लोकं हासले.

"मी दर्यापूरची माडी नखानं कोरून आली. चुना हाये, चुना. तुमी कोरून पाह्यली?"

"आमी काय दुसऱ्याच्या घरात घुसू?"

"बरं, ते घर दूर हाये. हे भिताड त जवळ हाये. याले चाटा."

भगवंतराव भोंग्यापासून मांगं सरकला. "काय?"

"चाटा म्हटलं! जीभ लावा. या गावच्या शेळ्या वर्सभर हे भिताड चाटून राह्यल्या, तुमी पाह्यलं का नाई? इथी बसलेल्या साऱ्यायनं पाह्यलं. राख कोन्ती शेळी चाटते?"

भगवंतराव म्हने, "बाईचं डोकं फिरलं." तवा चतुराबाई सरळ भिताडापाशी गेली अन् साऱ्या गावाच्या देखत जीभ लावली. मंग थुंकली. "खारट! हे आपल्याच विहिरीचं पानी हाये. मिस्त्री कचरत होता त मीच म्हनली, ओढा पानी. गिलावा भाऊनं नाई खाल्ला. म्या खाल्ला, अन् तुमी साऱ्यायनं खाल्ला!"

उद्धव पाटील ताडकन उठले. "चतुराबाई! सारा जिल्हा या गावाचा फोटू पाहून राह्यला. गावाची इज्जत चव्हाट्यावर मांडून राह्यली का तू?"

"इज्जत आपली, अन् चोर तो? हे कोनचं माप पाटील? हार आपल्या गळ्यात अन् जोडे त्याच्या! घोटाळा आपला, त आपल्या नावानं सांगा ना!"

पाटील मंग भिताडापाशी गेले. बोट घासलं, जिभेवर ठेवलं. तोंड वाकडं केलं. वयस्कर मानूस, दाट मिशा, अन् सारं गाव त्यायच्या मिशाकडे पाहून राह्यलं.

"खारट हाये," ते म्हनले. मंग मोठ्यानं, "खारट हाये रे! मीच म्हटलं होतं, सिमेंटले काय होते."

माणिकबाई उठली. "म्या बी ओढलं पानी. चाळीस घागरी असतीन."

"चाळीस? तू त अर्धा वक्त सावलीत होती!" कोनीतरी मांगून ओरडलं, अन् साऱ्या आवारात हासू फुटलं. मंग एकेक उठू लागला. म्या बी, म्या बी. दोन पोट्टे भिताडाले जीभ लावून पळाले. भगवंतराव भोंग्यात ओरडे, "शांतता! शांतता!" पन त्याच्याकडे पाह्याले कोनाले फुरसत नव्हती. शेवटी त्याचाच डायवर उतरला, त्यानं बी बोट लावून पाह्यलं अन् मालकाले म्हनला, "खारटच हाये सायेब." तवा सभा संपली.

गोष्ट पाह्यता पाह्यता तालुक्याच्या बी भाईर गेली. दर्यापूरच्या बाजारात, अकोटच्या जिनिंगमंधी, अकोल्याच्या जठारपेठेत, जथी तथी लोकं म्हनत, "चाटून पाह्यलं का?" चिंतामणराव बी मंग बोरखेडीत आले अन् पारावर उभे राहून म्हनले, "मले दिवाळीतच मालूम होतं. मतायच्या भेवानं बोललो नाई. तुमी बोल्ले, तुमी माह्यापेक्षा मोठे." असं बोलनारा आमदार लोकायनं पाह्यला नव्हता. वकीलाच्या काई लोकायले वाटलं, आता पडला हा. तो चौथ्यांदा निवडून आला, अन् बोरखेडीतून त्याले आजवरची सगळ्यात जास्त मतं पडली.

निकालाची खबर आली तवा चतुराबाई वावरात होती. पुंजाजी बांधावरून धावतच आला, धोतर सुटलेलं, "आला! भाऊ आला! दर्यापूरले गुलाल उधळून राह्यले, पाटलाची बंडी चाल्ली, तुले बोलावलं!"

बायायनं तिले उचलूनच घेतलं. माणिकबाई सगळ्यात पुढं. चतुराबाई म्हने, "सोड मले, कंबर मोडन!" पन तोंडभर हासून राह्यली होती.

खाली ठेवल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं अन् गावाकडे निघाली. पुंजाजी मांगं मांगं. "गुलालाले नाई चालत का?"

"चालतो ना. पन आधी पाटलाले सांगतो. उद्या सकाळपासून पंधरा बंड्या पायजे, वावर असो का लगन असो. भिताड खरडून काढाचं. अन् एक बी बंडी शाळेपाशीच्या विहिरीवर गेली त बैलाचे कासरे मी सोडतो. पानी नदीकाठचं येईन."

"अन् सिमेंट?"

"ते भाऊले मांगतो. आज गुलाल अंगावर हाये तवरच मांगतो, नाई कसा म्हनन?"

अन् ती पाटलाच्या बंडीत जाऊन बसली, सगळ्यायच्या पुढं, बंडी हाकनाऱ्या धुरकऱ्यापाशी.