काकवीत बुडवलेली टाकी

वाघाला मी कधी घाबरलो नाही, कारण वाघ मला भेटलेला नाही. पाटणच्या मावशीकडं जाताना रस्त्यात अंधार पडला तरी मी शीळ घालत जातो. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्याच परसातल्या एका निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपानं मला असं घाबरवलं, की अजून निळा रंग दिसला की मी चार पावलं लांबून जातो. बसा, सांगतो.

सुरुवात झाली फटफटीपासून. ती माझ्या थोरल्या चुलत्यांची. फौजेतून निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांनी हौसेनं घेतलेली आणि पुढं त्यांचे गुडघे गेल्यावर गोठ्यात कडब्याखाली गेलेली. मी मागितली तेव्हा ते म्हणाले, "ने. पर भंगारात घालनार असशील तर हितंच मरू दे तिला." मी शब्द दिला. मी माधवनगरला पाण्याच्या मोटारी विकतो, त्यामुळं यंत्र म्हटलं की मला उगाच आत्मविश्वास येतो. घरी येऊन सोप्यात पोतं अंथरलं आणि इंजिन उघडलं. बायकोच्या चकल्यांच्या परातीत कार्बोरेटर रॉकेलमध्ये भिजत पडला. परात गेली, पण इंजिन आलं. नवी पिस्टन रिंग, नवं वायरिंग, सगळं जमलं. अडलं पेट्रोलच्या टाकीपाशी.

टाकी आतून इतकी गंजली होती, की हलवली की खुळखुळ्यासारखी वाजायची. सांगलीचा जुना बाजार झाला, कराड झालं, कोल्हापूर झालं. तसली टाकी कुणाकडंच नव्हती. शेवटी मोबाईलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ सापडला. त्यानं गंजका पत्रा उसाच्या मळीच्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवला आणि आरशासारखा बाहेर काढला. मळीचा एवढासा डबा त्यानं दुकानातून विकत आणला होता. मला हसूच आलं. अरे बाबा, उसाच्या गावात राहणाऱ्याला हे तू शिकवतोस? कुंडलच्या बाजूला ओळखीच्या गुऱ्हाळावर गेलो आणि फेकून द्यायला काढलेली आंबूस काकवी कॅन भरून आणली. मळीच्या जागी काकवी, एवढाच फरक. परसात शेवग्याखाली पिंप ठेवलं, त्यात काकवी आणि पाणी कालवलं आणि टाकी बुडवली.

त्या गोऱ्यानं डोक्यात लोकरीची टोपी घातलेली होती. टोपी मला दिसली होती. तिचा अर्थ कळला नाही. त्याच्याकडं थंडी होती आणि माझ्याकडं चैत्राचं ऊन. चौथ्या-पाचव्या दिवशी पिंपातून "गुबुक" असा आवाज आला. मग पुन्हा आला. झाकण उचललं तर वर फेस, आणि वास असा, की गल्लीतल्या कोणत्याही माणसानं डोळे मिटून सांगितलं असतं: हातभट्टीचं रसायन.

आता मला घाम का फुटला ते सांगतो. आमच्या गावातलं दारूचं दुकान बायकांनी मतदान करून बंद केलं. मतपत्रिकेवरची आडवी बाटली जिंकली. त्यासाठी दारोदार फिरलेली, दुकानवाल्याच्या माणसांच्या शिव्या खाल्लेली आणि नंतर बायकांच्या मंडळाची अध्यक्ष झालेली बाई म्हणजे माझी बायको. दुकान गेल्यावर काहींनी घरात भट्ट्या लावल्या. मग मंडळाच्या बायका दिवेलागणीला गावात फेरी मारू लागल्या. नियम असा केला, की जिथं सापडेल तिथं माल ओतायचा आणि ज्याचं भांडं त्यानंच सगळ्यांसमोर पहारीनं फोडायचं. महिन्यापूर्वी समोरच्या वहिनींचा नवरा सापडला होता. त्यानं वहिनींचा माहेरचा तांब्याचा हंडा वापरला होता. वहिनी स्वतः मंडळातल्या. त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "आक्का, रसायन वता, पर हंडा ऱ्हाऊ द्या. आईनं दिल्याला हाय." बायको म्हणाली होती, "आज तुझा सोडला तर उद्या कुनाचा फोडू?" हंडा चेमटला. त्यानंतरही वहिनी रोज फेरीला यायच्या. फक्त आमच्या उंबऱ्याच्या आत येत नव्हत्या.

मी बायकोला परसात नेलं. तिनं वास घेतला आणि भिंतीला टेकली.

"ओतून टाकतो," मी म्हणालो.

"कुटं वतताय? आपलं गटार समद्या गल्लीच्या दारावरनं जातंय."

"मग कॅनमध्ये भरून पहाटे उसात नेतो."

"पहाटंचं आंबूस कॅन घिऊन गाडीवरनं कोन जातंय, म्हाईत हाय न्हवं?"

"मग सगळ्यांना खरंच सांगू."

"समोरचाबी सापडला तवा म्हनत हुता, म्हशीचं औषध हाय म्हनून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "झाकान घट्ट लावा. टाकी निघाली की बगू. पर त्याआदी वास भाईर गेला, तर मी तुमाला वळखत न्हाई. आत्ताच सांगून ठिवते."

झाकण घट्ट लावलं. वर पोतं, पोत्यावर वीट. कामावर गिऱ्हाईकाला मोटार दाखवताना मला पिंप दिसायचं. जेवताना कान परसाकडं. कुणी दारात आलं की मी मोठ्यानं खोकायचो, जणू खोकल्यानं वास मागं सरणार होता. वाऱ्याची दिशा बघायला तर मी शेवग्याच्या फांदीला चिंधी बांधली होती. हसू नका. दुकानवाल्याची माणसं पारावर बसून वाट बघत होती. अध्यक्षीणबाईंच्या घरात एक थेंब सापडला असता, तर तिची सगळी धावपळ मातीत गेली असती. ती बाई गावात परत मान वर करून चालली नसती, आणि कारण कोण, तर मी आणि एक टाकी.

वास बाहेर जाऊ नये म्हणून झाकण घट्ट लावलं, पण आतला वायू जाणार कुठं? एका संध्याकाळी बायकांची फेरी नेमकी आमच्या दारावरून चालली होती, बायको सगळ्यांच्या पुढं, आणि परसात धडाम! वीट उडाली, झाकण शेवग्याला लागून न्हाणीच्या पत्र्यावर पडलं आणि गडगडत खाली आलं. पाठोपाठ वास गल्लीत पोचला.

दहाबारा बायका परसात आल्या. पिंपातून फेस उतू जात होता. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि शब्द पाळला.

"कुनाचं पिंप ह्ये?"

"माझं."

"नाव सांगा."

लग्नातल्या उखाण्यानंतर जिनं माझं नाव तोंडातून काढलं नाही, ती चारचौघींत मला नाव विचारत होती! मी सांगितलं.

एका म्हातारीनं फेसात बोट बुडवून हुंगलं. "जमलंय की रं चांगलं!"

मी खांद्यापर्यंत हात घालून टाकी वर काढली. गंज, काकवी, गोरा, लोकरीची टोपी, सगळं एका दमात सांगितलं. टाकीच्या खालची पेट्रोलची नळी बघून कुणीतरी म्हणालं, "भट्टीवानी नळी बी हाय बगा ह्येला!" दोघी-तिघी हसल्या. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला. अगदी बारीक.

"माझा हंडाबी पान्याचाच हुता, आक्का."

हसणं थांबलं. बायकोनं एकीच्या हातातली पहार घेतली आणि माझ्या हातात दिली. "फोडा."

मी तिच्या डोळ्यांत काहीतरी खूण शोधली. खोटं खोटं मारा, हळू मारा, काहीतरी. तिथं काहीच नव्हतं. आणि खरं सांगतो, तेव्हा टाकीची भीती गेली आणि तिची भीती वाटली. तिच्यापासूनची नव्हे, तिच्यासाठीची. माझा हात कचरला असता, तर ती त्याच जागी संपली असती. मी पहार उचलली. टाकी पायाखाली दाबून धरली.

"थांबा," बायको म्हणाली. ती वहिनींकडं वळली. "ह्यांनी नगं. हंडा मी फोडाय लावला हुता. टाकी तू फोड."

वहिनी पुढं आल्या. त्यांनी पहार घेतली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी घाव घातला. तो आवाज मला छातीत ऐकू आला. टाकीच्या डाव्या कुशीत ओंजळीएवढा पोचा पडला. त्यांनी पहार पुन्हा उचलली. मी डोळे मिटले.

काहीच झालं नाही. उघडले, तर पहार जमिनीवर होती आणि वहिनी घाम पुसत होत्या.

"बास," त्या म्हणाल्या. "आता पिंप आडवं करा."

तपकिरी पाणी गटारातून सगळ्या गल्लीच्या दारांवरून, पारावरच्या माणसांसमोरून वाहत गेलं. पारावर खिदळणं झालं, पण अध्यक्षीणबाईनं स्वतःच्या घरचं सोडलं, असं मात्र कुणाला म्हणता आलं नाही.

टाकीतला गंज मात्र गेला होता. ती गळते का हे बघायला पेट्रोल भरून तिच्याखाली कोरडा कागद ठेवला आणि दिवसभर गुडघ्यावर बसून मी त्याच्याकडं बघत राहिलो. कागद कोरडाच राहिला. रंग दिला, टाकी बसवली, आणि एका सकाळी फटफटीनं सगळ्या गल्लीला जागं केलं.

बायको मागं बसली आणि म्हणाली, "वहिनींच्या दारात घ्या."

मी घेतली. इंजिन बंद करायची हिंमत नव्हती, परत चालू होईल याची खात्री कुणाला? बायको उतरली आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. "सांगलीला तांबट हाय एक," ती आत बघून म्हणाली. "हंडा देतीस काय? पोचं काढून आनते."

आत भांडी सरकवल्याचा आवाज आला. गाडी धडधडत होती. बायकोची पाठ मला दिसत होती. पहार माझ्या हातात देतानाही ती एवढी ताठ नव्हती.

बऱ्याच वेळानं वहिनी हंडा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी तो बायकोच्या हातात दिला, गाडीजवळ आल्या आणि टाकीच्या पोच्यात तळवा ठेवून बघितला.

"ह्योबी काढून आननार?"

"न्हाई," बायको म्हणाली.

वहिनींनी मान हलवली. "मग जावा लौकर. ऊन हुतंय."

बायको हंडा मांडीवर घेऊन बसली आणि मी क्लच सोडला.