कुणी लायक निघू नये म्हणून

देवापुढे काय मागावं हेच कळेना, अशी वेळ माझ्यावर आली होती. मी मूळचा धुळ्याचा, देवपुरातला. नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत राहतो. त्या व्हिसाची सहा वर्षांची मुदत सरत आली होती. तिथे कायम राहायचं तर आधी लेबर सर्टिफिकेशन लागतं. म्हणजे कंपनीने माझ्याच जागेची जाहिरात द्यायची आणि या कामाला तिथला लायक माणूस मिळत नाही, हे सरकारला दाखवायचं. मी रोज ज्या खुर्चीत बसत होतो, तिची जाहिरात रविवारच्या पेपरात आली. कोण अर्ज करतंय ते मला विचारायचीही परवानगी नव्हती. वकीलबाई एवढंच म्हणायच्या, "वाट पाहा." मुलगी तिथल्या शाळेत रुळलेली, बायकोचा जीव टांगणीला. मला काही सुचत नव्हतं.

श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणासाठी धुळ्याला घरी आलो. रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येकाच्या नावाने गहू घेताना आईने माझ्या नावाची मूठ जरा जास्तच भरली. तिला मी सगळं सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं. रात्रभर गाणी चालली होती. मी कानबाईच्या चौरंगापुढे हात जोडून एकच घोकत होतो : माये, कुणी लायक निघू नये.

सकाळी वाजतगाजत कानबाई विसर्जनासाठी पांझरा नदीवर निघाली. काठावर गर्दी होती, आमची पाळी यायची होती. शेजारी एक म्हातारी उभी होती. भडगावची, लेकीकडे सणाला आलेली. मी डोळे मिटून पुटपुटत होतो, तिने सहज विचारलं, "काय मांगं रे भाऊ?"

अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, ती म्हणेल, देवी पावेल. पण तिचा चेहरा उतरला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मना पोऱ्या बी पुणाले मुलाखती देत फिरी राहिना. त्यानी नौकरीसाठे बी कोनी आसंच मांगत व्हई का, भाऊ?"

ती मला दोष देत नव्हती. तिला खरोखरच भीती वाटली होती. तेवढ्यात तिच्या लेकीने हाक मारली आणि ती गर्दीत गेली. तिच्या मुलाचं नावही मी विचारलं नाही. आमची कानबाई पाण्यात उतरली तेव्हा मी आधी त्या मुलासाठी हात जोडले. स्वतःसाठी काय मागावं ते मात्र आठवेना.

त्याच संध्याकाळी वकीलबाईंचा निरोप आला. अर्जदारांपैकी एक जण सगळ्या अटींत बसत होता. माझं प्रकरण थांबलं. मी ओट्यावर बसून राहिलो. देवीने ऐकलं की नाही, आणि ऐकलं तर नेमकं कुणाचं, याचा काही पत्ता लागेना. आई शेजारी येऊन बसली, म्हणाली, "जेवून घे." मी जेवलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली होती.

परत गेलो. काम वाढल्यामुळे कंपनीने मला ठेवून त्या अर्जदारालाही कामावर घेतलं. केस पिकलेले, अबोल. बरेच दिवस घरी बसून काढलेले. पहिल्या दिवशी डबा उघडत तो मला म्हणाला, "जाहिरात बायकोने दाखवली. मी तर पेपर वाचणंच सोडलं होतं." ती जाहिरात कुणाच्या जागेची होती, ते मी त्याला सांगितलं नाही. त्याला कॉफी कुठे मिळते ते दाखवलं.

काही महिन्यांनी कंपनीने पुन्हा जाहिरात दिली. या खेपेला प्रकरण पुढे सरकलं, मुदतीच्या अगदी काठावर अर्ज गेला आणि पुढे मंजूरही झाला. तेव्हा कुणी लायक आलंच नाही की आणखी काही झालं, मला ठाऊक नाही. याला कृपा म्हणावं का, तेही मला नीट सांगता येत नाही. डोक्यातला गोंधळ आजही पुरता निवळलेला नाही.

इतकंच सांगतो, की ती दुसरी जाहिरात आली त्या सकाळी मी कानबाईपुढे दिवा लावला, हात जोडले आणि मागायला तोंड उघडलं, पण 'कुणी लायक निघू नये' हे काही म्हणवेना. बायको मागे उभी होती. तिने विचारलं, "काय मागितलंत?" मी म्हटलं, "काही नाही. तिच्यावर सोडलं." मग ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनेही हात जोडले.